आजीपुढची कॉफी

इंडोनेशियातल्या मकासर शहरातल्या गेम कंपनीत कथा लिहिणारी युस्पिना पलाल्लो तोराजाच्या डोंगरातली. गेममधली आजी मेली की पडदा काळा करायचा, असं मालक रुस्लानने ठरवताच ती उसळली. "आमच्याकडे माणूस असं मरत नाही! रेडे कापून निरोप देईपर्यंत त्याला आजारीच म्हणतात. घरातच झोपवतात, रोज जेवण ठेवतात. खेळणाऱ्यानेही ठेवायचं."

"ठेवून मिळणार काय?"

"डोंबल!"

गेम तयार झाल्यावर रुस्लान स्वतः खेळायला बसला. वर्षापूर्वी त्याची आई गेली, तेव्हा त्याच दुपारी दफन उरकलं होतं. पडद्यावरच्या आजीपुढे तो सकाळमागून सकाळ कॉफी ठेवत राहिला. शेवटी त्याने हळूच विचारलं, "युस्पिना, निरोप पुढे ढकलता येतो का गं?"

"येतो की. आम्ही सगळे तेच करतो."