ओल ओळखणाऱ्या दोन पट्ट्या

सासूबाईंचा खुबा मोडला त्या वर्षी श्रावणात सोलापूरला ऊन असं दिसलंच नाही. ऑपरेशन नीट झालं, पण त्या अंथरुणाला खिळल्या आणि तिसऱ्या आठवड्यात कमरेखाली कातडी लाल होऊन फाटली. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर मला स्पष्टच म्हणाल्या, "चादर नुसती धुतलेली चालणार नाही, खडखडीत कोरडी पाहिजे. दमट चादरीवर ही जखम भरायची नाही."

दिवसाला चार-पाच चादरी निघत. आमचं घर तळमजल्यावर, समोर दुसरी इमारत. दोरीवरच्या चादरी दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागायच्या. इस्त्री फिरवून पाहिली, तर वरून कोरडी आणि शिवणीत ओल तशीच. शेवटी मी मागच्या खोलीतला ड्रायर बाहेर ओढला.

चिंचोळी एमआयडीसीत माझे मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. तिथं नमुन्याचे टॉवेल धुऊन वाळवून बघायला हे परदेशी मशीन होतं. नवीन आल्यावर जुनं आमच्या घरी आलं आणि त्याच्यावर डब्यांची रास चढली. वय पंचविशीच्या पुढचं, पण ड्रम फिरत होता, हवा गरम येत होती. बटणावर दोन खुणा होत्या. एक मिनिटांची, दुसरी आपोआपची, म्हणजे कपडे वाळले की मशीन स्वतःच थांबणार.

आपोआपवर लावलं तर दहा मिनिटांत थांबलं. चादर पिळून काढल्यासारखी ओली. मग मिनिटांवर लावलं. अर्ध्या तासाला मधे ओल राहिली, तासाला कडा करपल्या आणि वास सुटला. चादरी कधी जाड, कधी पातळ, कधी दोन, कधी तीन. दर वेळी अंदाज कुठून आणायचा?

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं दार उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, "वहिनी, याचा ओल कळणारा सेन्सर गेलाय. एवढ्या जुन्या मशीनचा पार्ट मिळत न्हाय. भंगारात घाला."

"सेन्सर म्हणजे नक्की कुठला भाग?" मी विचारलं.

त्यानं ड्रमच्या तोंडाशी, जाळीजवळ, बोटभर रुंदीच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या दाखवल्या आणि तो निघून गेला.

मी त्या पट्ट्यांकडे बघत बसले. पत्र्याच्या दोन साध्या पट्ट्या. त्यात जाण्यासारखं असं काय असणार, हे मला पटेना. मिस्टर म्हणाले, "सोड की, कारखान्यातसुद्धा हे मशीन कुणाला जमलं नाही." मी सोडणार नव्हते. ज्या खोलीत मी बसले होते तिच्या शेजारच्या खोलीत सासूबाई कूस बदलताना दात आवळत होत्या.

आमचे सासरे यंत्रमागाचे जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो जॉबर. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. मी टेंभुर्णीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आमचं लग्न त्यांच्या मनाविरुद्ध झालेलं, त्यामुळे सासऱ्यांचं माझ्याशी कामापुरतं बोलणं असे, तेही मराठीत. आता मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक काही दिसत नव्हतं. पण त्या दिवशी ते भिंत धरत येऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "पट्ट्या कशाला हायत, सांग बघू."

मी जे कळलं ते सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

"मागावर धागा तुटला की त्याच्यावरची पत्ती खाली पडती. करंट जोडला जातो आणि माग थांबतो. हितं उलटं दिसतंय. ओलं कापड दोन्ही पट्ट्यांना टेकलं की करंट जाणार. करंट जातोय तवर मशीन फिरणार. आता तुझ्या मशीनला ओल कळंना, म्हंजे करंट पोचंना. पट्टी खराब, न्हाईतर वायर. पार्ट कशाला लागतोय?"

एवढं लांब ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

पहिल्यांदा पट्ट्या. बोट फिरवलं तर मेणासारखा थर लागला. कपडे मऊ करणारं औषध आणि बोअरचं जड पाणी, कारखान्यातलं नि आमचं, सगळं मिळून बसलेलं. सिस्टरांकडून स्पिरिट मागून घेतलं, जुन्या बनियनच्या तुकड्यानं घासत राहिले, पत्रा चकाकेपर्यंत. मशीन लावलं. दहाच्या जागी वीस मिनिटं चाललं आणि थांबलं. चादर अजून ओलीच.

"वीस झाली न्हवं," सासरे म्हणाले. "आता वायर बघायची. आदी प्लग काढ. काढलास का? काढून माझ्या हातात दे."

प्लग हातात धरूनच ते स्टुलावर बसले. मी पुढचं पॅनल खोललं. सहा स्क्रू, त्यातला एक गंजलेला. त्याला खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबावं लागलं. पट्ट्यांच्या दोन्ही वायरी बोर्डावरून सुट्या केल्या. सासऱ्यांनी त्यांच्या पत्र्याच्या पेटीतला टेस्टर काढायला सांगितला. बॅटरीचे दोन सेल, लहान बल्ब आणि दोन लांब तारा.

मी ओला रुमाल दोन्ही पट्ट्यांवर ठेवला. बल्ब लागला नाही.

"रुमालातून जाणारा करंट लई कमी, त्यावर बल्ब पेटत न्हाय," ते म्हणाले. "स्टीलचा चमचा ठेव."

चमचा ठेवला. बल्ब लागला, विझला, पुन्हा लागला. मी वायर जरा हलवली की विझायचा. मी तसं सांगितलं.

"मग वायरच. माझ्या हातात दे ती."

मी वायर त्यांच्या हातात दिली. त्यांनी डोळे मिटले आणि चिमटीत धरून इंच-इंच पुढं सरकत, जरा वाकवत गेले, ताण्यातला तुटका धागा शोधावा तसे. पॅनलच्या वळणाशी येऊन थांबले. "हितं हात लाव. मऊ लागतंय का? वरचं रबर शाबूत हाय, आत तांबं तुटलंय."

व्हय, मऊ लागत होतं. वर चरासुद्धा नव्हता. कुणाच्याही डोळ्यांना ते दिसलं नसतं.

जोडणी मी केली. त्यांनी दोनदा सोडायला लावली. पहिल्यांदा पीळ सैल होता, दुसऱ्यांदा तांब्याचा एक तंतू बाहेर राहिला होता. तिसऱ्यांदा नखानं चाचपून म्हणाले, "आता घट्ट हाय." उष्णतेला टिकणारी नळी मी दुकानातून आणली, जोडावर चढवली आणि वायर वळणापासून दूर बांधली. चमचा ठेवल्यावर बल्ब स्थिर लागला. कितीही हलवलं तरी विझला नाही.

पॅनल बसवलं. दोन चादरी घातल्या आणि बटण आपोआपवर ठेवलं. वीस मिनिटं झाली, मशीन चालूच. पस्तीस झाली. मला आता ते कधीच थांबणार नाही अशी भीती वाटायला लागली. पंचेचाळिसाव्या मिनिटाला ड्रम फिरायचा थांबला. मी चादर काढली आणि सगळ्यात जाड शिवण गालाला लावली. कोरडी होती, आणि करपट वासही नव्हता.

सासऱ्यांनी हात पुढं केला. मी चादर दिली. त्यांनी चारी कडा चाचपल्या आणि स्वतःच ती घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले. आम्ही दोघांनी मिळून त्यांना कुशीवर घेतलं आणि चादर घातली. सासूबाई पाठ टेकवून म्हणाल्या, "गरम लागतंय. बरं वाटतंय."

त्यानंतर मी धुण्यात ते मऊ करणारं औषध घालणं बंद केलं आणि दर रविवारी पट्ट्या स्पिरिटनं पुसायला लागले. एकच चादर असली तर ती पट्ट्यांना टेकत नाही, मशीन लवकर थांबतं, हेही कळलं. म्हणून सोबत एक-दोन ओले टॉवेल घालते. जखम भरायला सात आठवडे लागले. सिस्टरांनी जखमेवरची शेवटची पट्टी काढली त्या दिवशी सासूबाई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या, ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि फोडणीत मोहरी मी जास्त घालते म्हणून मला बोलल्या. सासऱ्यांनी माझी बाजू घेतली, तेलुगूत. तेवढं तेलुगू मला कळत होतं.