सीटखालची पिवळी वायर

बाबांचं डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी मी सेकंडहँड गाडी घेतली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रताप नगरातल्या घरापासून दवाखान्यापर्यंत जायचं आणि यायचं. ऑटोत त्यांचे सुजलेले पाय मावत नव्हते आणि परतताना त्यांना भोवळ यायची. घरात आम्ही तिघंच, आई, बाबा आणि मी. मी एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कोणालाही मान वर करून सांगते. बाबा उमरेडला हातमागावर धोतरं विणायचे. त्यांना सही करता यायची, त्यापुढं काही नाही.

गाडीत ते समोर, माझ्या बाजूला बसायचे. सीट पूर्ण मागं सरकवली की त्यांचे पाय लांब व्हायचे. काठी मी त्यांच्या सीटखाली सारून द्यायची. पण गोष्ट फक्त पायांची नव्हती. कितीतरी वर्षं ते धोतरांचा गठ्ठा घेऊन एसटीनं गांधीबागेतल्या कापडबाजारात माल द्यायला येत. गठ्ठा पाहिला की कंडक्टर म्हणायचा, "ओ गठ्ठेवाले, मांगं व्हा मांगं." शेवटच्या सीटवर आदळत आदळत ते नागपूरला यायचे आणि तसेच परत जायचे. आता समोरच्या काचेतून अख्खा रस्ता दिसायचा. सिग्नलला थांबलो की ते बाजूच्या गाडीवाल्याकडे निवांत पाहत राहायचे. दवाखान्याच्या वॉचमनला त्यांचं तीनदा सांगून झालं होतं, "गाडी पोरीची हाय. तेच चालवते."

एका शुक्रवारी गाडी सुरू केली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझेचना.

"हे काय हाय वं?" बाबांनी विचारलं.

"एअरबॅगचा लाईट आहे. चालू करताना येते आणि जाते. आज जाऊन नाही राहिला."

बाबांनी वाकून पाहिलं. त्या चित्रात एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्या पुढ्यात एक गोळा. "हा तं कोहळं मांडीवर घेऊन बसला हाय," ते म्हणाले. मागं आई हसली.

मला हसू आलं नाही. एअरबॅग म्हणजे टक्कर झाली तर क्षणात फुगून माणसाला झेलणारी पिशवी. दिवा लागूनच राहिला याचा अर्थ तिच्या जोडणीत कुठंतरी बिघाड आहे आणि ऐन वेळी ती उघडेल याचा भरवसा नाही.

दुसऱ्याच दिवशी मी वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवरच्या माणसानं माझं बोलणं अर्ध्यातच थांबवलं. "मॅडम, टेक्निकल मॅटर आहे हे. तुम्ही सरांना पाठवा, मी त्यांना समजावून सांगतो."

"कोणत्या सरांना?"

"म्हणजे घरचे जे कोणी असतील ते."

"वायरीतला रेझिस्टन्स मी कॉलेजात शिकवते," मी म्हटलं. "तुमच्या सरांना आला नाही तर माझ्याकडे पाठवा." आणि काउंटरवरची किल्ली उचलून बाहेर आले. काय बरं वाटलं सांगू! घरी येईपर्यंत मी एकटीच गाडीत हसत होते. त्याच तोऱ्यात ठरवलं, हे काम मीच करीन.

मोबाईलवर व्हिडिओ पाहिले, वहीत नोंदी केल्या. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं एक यंत्र मागवलं, त्यानं इंजिनाची सगळी कुंडली सांगितली आणि एअरबॅगबद्दल चकार शब्द काढला नाही. दुसरं मागवलं. ते बोललं: डाव्या सीटच्या कडेला बसवलेली एअरबॅग, रेझिस्टन्स प्रमाणाबाहेर. तिची वायर सीटखालून जाते. एअरबॅगची वायर पिवळी असते, हात लावणाऱ्यानं सावध व्हावं म्हणून. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची आणि दहापंधरा मिनिटं गप बसून राहायचं, कारण आत थोडी वीज साठून असते.

मग एका रविवारी सकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून माझं काम पाहत बसले.

"काहून थांबून राहिली?"

"आतली वीज उतरू द्या लागते."

"मंग ये, माह्याजवळ बस तवर."

मी बसले. त्यांनी माझ्या हाताला लागलेलं ग्रीस आपल्या धोतराला पुसलं. आईनं खिडकीतून आरडाओरडा केला.

मी कनेक्टर काढला, स्प्रे मारून साफ केला, टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवला. दिवा गेला! दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी तो परत आला.

तेव्हा मी बाबांना म्हटलं, "लाईट जात नाही तोवर तुमी मांगं बसा."

"काहून?"

"पिशवी उघडन का नाही, सांगता येत नाही."

"तुह्यी उघडन काय?"

"माह्यीबी नाही सांगता येत. एक बिघडली का सगळ्याच बंद पडू शकते."

"मंग तू बी मांगं बस."

"मंग गाडी कोण चालवन, बाबा?"

"तेच तं म्हणून राहिलो मी," ते म्हणाले आणि काठी टेकत मागच्या दाराकडे गेले.

मागं त्यांचे पाय मावत नव्हते. तिरपे होऊन, एक पाय आईच्या बाजूला टाकून ते बसायचे. माझ्या बाजूची सीट रिकामी जायची. आरशात मला त्यांचा फक्त कान आणि टोपी दिसायची. वॉचमननं विचारलं, "काका, आज मागं?" बाबा टोपी सारखी करत आत गेले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा सीटखाली डोकं घातलं आणि बिघाड सापडला. कनेक्टरच्या जवळ एका वायरीचं तांबं आतून तुटलं होतं, वरचं पिवळं कव्हर सोलवटलं होतं. बाबांच्या काठीची लोखंडी टोपी नेमकी तिथं घासत होती. काठी तिथं सारायची मीच.

या वायरीला जोड द्यायचा नसतो. कनेक्टरसकट तो तुकडाच बदलायचा. मी तो ऑनलाइन मागवला आणि येण्याची तारीख पुढं पुढं सरकू लागली. वर्कशॉपवाल्यानं दोन दिवसांत बसवून दिला असता. पण त्या काउंटरपुढं मी परत कशी जाणार? बाबांनी विचारलं, "सापडलं काय?" मी घाईत होते. "हो, वायर तुटली हाय," एवढंच सांगितलं. ती जोडायची नसते, हे नाही सांगितलं. विणकराला सांगितलं की धागा तुटला, आणि मी कॉलेजात निघून गेले.

मागावर धागा तुटला की विणकर कोणाला विचारायला जात नाही. माग थांबवतो, दोन्ही टोकं शोधतो, बोटाला चिमूटभर राख लावतो आणि अंगठ्याखाली दोन्हींना पीळ देतो. बाबांचा जोड हात फिरवला तरी लागत नसे. ते म्हणायचे, "जोड दिसला तं तो जोड नाही, ठिगळ हाय."

एरवी मी कॉलेजात गाडीनंच जायची; त्या गुरुवारी ती घरी ठेवून ऑटोनं गेले होते. दुपारी परत आले तर बाबा गाडीत बसलेले. समोरच्या सीटवर, दार उघडं, पाय लांब केलेले. आई फाटकाशी उभी.

"चालू करून पाह्य," बाबा म्हणाले.

मी किल्ली फिरवली. दिवा लागला आणि चारपाच सेकंदांनी विझला. मी गाडी बंद केली, परत चालू केली. पुन्हा विझला. बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते.

मी खाली उतरून सीटखाली टॉर्च मारला. पिवळं कव्हर ब्लेडनं सोलून तांब्याच्या बारीक तारा एकमेकींत पिळल्या होत्या, इतक्या सारख्या की जोड कुठं सुरू होतो ते कळेना. वरून पांढऱ्या सुती दोऱ्याचे वेढे, एकाला एक लागून. बाबांच्या बोटांना राख होती.

"बॅटरी काढली होती?" मी विचारलं.

"कायची बॅटरी?"

त्यांचं तोंड त्या सीटजवळ, हात त्या वायरीवर, आणि ती पिशवी फुटली असती तर? भीती वाटली मला, खरंच फक्त भीती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"जे समजत नाही त्यात हात काहून घालता? हा काय तुमचा माग हाय? शिकलासवरला माणूस बी इथं हात नाही लावत, अन् तुमी..."

मी टॉर्च बंद केला.

"लाईट तं बुजला ना," बाबा हळू म्हणाले.

मी बॅटरीची तार काढली. पंधरा मिनिटं थांबले. या वेळी कोणी मला जवळ बसायला बोलावलं नाही. मग पकड घेऊन तो जोड कापला. बाबा तिथंच उभे राहून पाहत होते. "नको कापू" असं ते म्हणाले नाहीत. "बरं," म्हणाले आणि काठी घेऊन घरात गेले. कापलेला तुकडा मी कचऱ्यात टाकला.

मी बरोबर होते, हेही लिहून ठेवते. पिळलेला जोड गाडीच्या हादऱ्यांनी सैल होतो, रेझिस्टन्स बदलतो, पिशवी उघडायची तेव्हा उघडत नाही. आजही वर्गात कोणी विचारलं तर मी हेच सांगीन. ओळखीचे लोक ऐकतात आणि म्हणतात, मग तुझं काही चुकलं नाही गं. वायरीबद्दल नाहीच चुकलं. बाबांनी हातानं केलेलं ते शेवटचं काम होतं. ते मी त्यांच्यासमोर कापलं.

शुक्रवारी मी दार उघडायच्या आधीच ते मागं जाऊन बसले होते. दवाखान्यात मशीनवर असताना त्यांचं बीपी एकदम उतरलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. शनिवारी मी त्यांच्या पलंगाजवळ उभी होते तेव्हा म्हटलं, "बाबा, ती वायर येऊन राहिली." दुसरं बोलायचं होतं. तोंडात आलं ते वायरीचंच.

तोंडावरचा मास्क थोडा बाजूला करून ते म्हणाले, "घाई नको करू."

रविवारी सकाळी ते गेले.

वायर तेरवी झाल्यावर आली. ती बसवायची कशी हे मला आता पाठ होतं, पण सीटखाली वाकवेना. मी आईला घेऊन त्याच वर्कशॉपमध्ये गेले. काउंटरवर तोच माणूस होता. त्यानं वायर पाहिली, दिवा पाहिला. "आधीच आणायची ना मॅडम," तो म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम." या वेळी त्यानं सरांची चौकशी केली नाही, आणि मीही त्याला काही ऐकवलं नाही. आई आणि मी बाकावर बसून राहिलो. अर्धा तासही लागला नाही.

निघताना मी समोरचं दार उघडलं. "आता बस समोर. काही भेव नाही." आई बसली. तिचे पाय पुढं पोचेनात, सीट अजून तशीच मागं सरकवलेली होती. मी ती पुढं घ्यायला गेले तर म्हणाली, "राहू दे."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मी म्हटलं, "बाबाले समोर बसायचं होतं ना आई. एवढंच तं मागत होते. तेबी मी..."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. "समोर बसाचं होतं म्हणून कोण म्हटलं तुले?"

"मंग वायर काहून जोडली त्यायनं?"

"तुह्यासाठी. मले दोन घंटे टॉर्च धराले लावला. बोटं थरथरत होते त्यायचे, तार सुटे, पुन्हा पिळत. म्या म्हटलं, राहू द्या, मांगं बसान तं काय बिघडते? तं म्हणे, मी आठवड्यातून दोनदा जातो, मले काय होते. पोरगी रोज याच्यात कॉलेजले जाते. तिच्यापुढची पिशवी चालू पायजे."

"तवा काहून नाही सांगितलं, आई?"

"तू ऐकून कुठी राहिली होती."

पुढच्या चौकात क्लचवरचा माझा पाय सुटला आणि गाडी बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. एक जण खिडकीशी येऊन काहीतरी ओरडून गेला. किल्ली फिरवायची एवढंच काम होतं, पण माझा हात स्टिअरिंगवरून निघेना.

"चाल वं माय," आई म्हणाली. "लोकं बोंबलून राहिले."