वायर काढा, परत लावा

मंडळी, आज इतकी किळस आली आहे की इथे लिहिल्याशिवाय जेवण जाणार नाही.

आमची कंपनी ट्रकमध्ये बसवायचे ट्रॅकर बनवते. या खेपेला त्यात दुप्पट मेमरीची चिप आली. जुन्या चिपला तीन बाइटचा पत्ता पुरायचा, हिला चार लागतात. कर्नलमधला ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्राम, मी चिपला चार बाइटवर नेईल असा वाढवून दिला आणि तेव्हाच मॅनेजरला बजावलं, "भाऊ, बोर्डवर चिपच्या रीसेटची तार जोडा. नाहीतर ट्रॅकरचा डबा आपोआप रीस्टार्ट झाला की सुरू होतानाचा बूट कोड तीनच बाइट पाठवेल आणि चिप चौथ्याची वाट पाहत बसेल."

"टेस्टिंगमध्ये तं चालून राहिलं ना गा!"

चालणारच! आमच्याकडे रीस्टार्ट करतो कोण? सगळे प्लग उपटतात नि परत खुपसतात. करंट गेला की चिप आपसूक तीनवर येते.

आज गिऱ्हाइकाच्या वाडीच्या गोदामात गेलो, तर निम्मे ट्रॅकर आपोआप रीस्टार्ट होऊन मेलेले. एक ट्रकवाले काका अंगावरच आले. "मीच वायर काढली म्हणते मालक! मले चोर ठरवून राहिला!"

दुपारी मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी तार जोडतील. मॅनेजरने स्टिकर छापून आणले: 'बंद पडल्यास वायर काढून परत लावा.' वर टाळ्याही पडल्या!

तुमच्याकडेही असंच चालतं का? इथेच लिहा, फोन करू नका. स्टिकरवर मदतीसाठी माझाच नंबर छापलाय.