माडीवरची चूल

"आधी खालून बघू," काकू म्हणायच्या. माडीवर चूल घालायला बोलावलं, तरी या बाई जिना न चढता खालच्या खोलीत शिरायच्या आणि मान वर करून तुळया न्याहाळत बसायच्या.

आगगाडी आली तशी आमच्या कल्याणात बिऱ्हाडं वाढली. लाकडी माडीवर चूल म्हणजे जिवाशी खेळ, पण ऐकतो कोण? मग ती काकूंनीच घालावी, असं सगळे म्हणत. काकू विधवा, मूलबाळ नाही, मागेपुढे कोणी नाही.

मी त्यांचा शेजारी आणि, सांगायला लाज कसली, आळीतला सर्वांत जाड माणूस. जिथे चूल यायची तिथे त्या मला मांडी घालून बसवत आणि स्वतः खाली जात. "अरे, जरा हल की." मी हलायचो. खाली माती पडली, की माझ्या खाण्याची चर्चा आळीभर. फळ्या कुरकुरल्या नाहीत, तर त्यांवर मातीचा जाड थर, वर फरशी, आणि कुडापासून हातभर सोडून चूल.

समोरच्या घरात दोघा भावांचं बिनसलं. धाकटी सून पोटुशी. मोठ्या जावेने अबोला धरलेला, त्यामुळे खालच्या चुलीपाशी तिला जाववेना. बिचारी अर्धपोटी निजायची. माडीवर वेगळी चूल हवी होती. मी बसलो, हललो. काकू वर आल्या.

"तुळईचं टोक भिंतीत कुजलंय. इथे चूल नाही घालणार."

"काकू, घाला ना. मी जपून पेटवीन." पोर रडू लागली.

"खाली जावेचं लेकरू निजतं, बाई."

मला काकूंचा रागच आला. मग त्या म्हणाल्या, "तुळई बदलेपर्यंत माझ्या चुलीवर ये. तुझं तू रांध. मी मध्ये बोलणार नाही."

बोलायच्याच. मीठ कमी, भात गिच्च. पण पोर पोटभर जेवू लागली. तुळई बदलली, काकूंनी माडीवर चूल घातली. जावांचा अबोला मात्र तसाच राहिला.

काकू गेल्या तेव्हा आम्ही शेजाऱ्यांनी खांदा दिला. माणूस गेलं, की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. काकूंच्या घरात तर कोणीच उरलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

संध्याकाळी मी ओटीवर बसलो होतो. समोरच्या माडीतून धूर निघाला नाही. धाकटीने चूल पेटवलीच नव्हती. आणि तिची मोठी जाऊ, झाकलेलं पातेलं हातात धरून, बाहेरचा जिना चढत होती.