विहिरीत पायऱ्यांनी

डोळ्यांचं लेझर ऑपरेशन झालं आणि उणे सातचा चष्मा एका दुपारीत इतिहासजमा झाला. डॉक्टरांनी बजावलं, दोन महिने पोहायचं नाही. विहिरीचं पाणी तर डोळ्यांना वाईटच. नंतरही उडी मारायची नाही, गॉगल लावायचा, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही. बायकोनं ही सगळी कलमं कॅलेंडरवर लिहिली आणि पहिले काही दिवस मला फक्त मानेखाली आंघोळ करू दिली.

अडचण एवढीच, की केदारखेड्यातली आमची विहीर डॉक्टरांचं ऐकत नव्हती. मेअखेर ती तळ गाठते. जूनमध्ये आमची अकरा वर्षांची मुलगी हॉस्टेलला जाणार होती, आणि पोहता न येणारी पोर घराबाहेर पाठवणं मला पटत नव्हतं. हॉस्टेलच्या आसपास पाण्याचा टिपूसही नाही, हे बायकोनं लक्षात आणून दिलं. मी दुर्लक्ष केलं.

शिकवण्यात माझा हातखंडा होता. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काठावर उभं करायचं, मागून ढकलायचं आणि चष्मा काढून आपण मागोमाग उडी टाकायची. भावकीतली निम्मी पोरं मी अशी तयार केली. पहिला माझा धाकटा भाऊ. पोरं कशी हसत हसत शिकली, हे जालन्यातल्या ऑफिसात मी रंगवून सांगायचो.

दोन महिने भरले त्या रविवारी आम्ही विहिरीवर गेलो. पाणी दीड पुरुष उरलं होतं. उडीला बंदी, म्हणून मी जन्मात पहिल्यांदा पायऱ्यांनी विहिरीत उतरलो, तेही निळा गॉगल लावून. मान पाण्याबाहेर ठेवून खाली थांबलो. ढकलायचं काम भावाकडं दिलं होतं.

"दादा, पवायला आले का वेल्डिंगला?" त्यानं वरून विचारलं.

"जल्दी कर," म्हणत मी वर पाहिलं.

मुलगी काठावर उभी होती. ओठ पांढरे पडलेले, हनुवटी थरथरत होती. रडू येऊ नये म्हणून तिनं डब्याची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आजवर ढकलताना माझ्यापुढं पोरांची पाठच असायची आणि पाण्यात गेल्यावर चष्मा नसायचा. मला माझीच भयंकर लाज वाटली.

"थांब!" मी ओरडलो. "पायऱ्यांनी येऊ दे तिला."

ती एकेक पायरी धरत उतरली आणि पाण्यात पाय सोडून बसली. त्या उन्हाळ्यात ती तेवढंच शिकली.

वर आल्यावर मी भावाला विचारलं, "तू भ्यालता का रे, मी ढकललं तवा?"

"मंग? लई भ्यालतो."

"सांगितलं का न्हाई?"

"तुमच्याकडं पाहूनच रडून राह्यलतो, दादा," तो म्हणाला. "तुम्ही हसून राह्यलते."