कानाच्या टोकाचा थेंब

झीनत बागवान चिडली की आवाज चढवत नसे. चष्मा काढून ओढणीला पुसत बसे. यंदाच्या एप्रिलमध्ये तो चष्मा दिवसातून वीसदा तरी पुसला जात होता.

सोलापुरात होटगी रोडला जनावरांचं रक्त तपासणारी एक छोटी लॅब आहे. तिथं सतरा वर्षं ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. उन्हाळा आला की कुत्र्यांचा गोचीडताप सुरू. गोचीड चावते, तिच्या तोंडातून बारीक जंतू रक्तात शिरतात, तांबड्या पेशींत घर करतात आणि त्या फोडत सुटतात. स्लाइडवर जंतू दिसला की औषध ठरतं. पण दिसायला तर हवा! त्यातली एक जात इतकी बारीक, की पेशीवर टाचणीचं टोक टेकवल्यासारखी दिसते, आणि तीही हजारात एखाद्या पेशीत.

वळसंगच्या बाजूला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर अभिमन्यूंनी एकाच कुत्र्याचं रक्त दोनदा पाठवलं होतं. दोन्ही वेळा झीनतनं तासतासभर शोधलं आणि ‘निगेटिव्ह’ लिहून सही केली. त्याच कुत्र्याची तिसरी नळी आली ती माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपच्या काचेपाशी उन्हात शिजून. रक्त कसलं, कोकमाचं सार! एक पेशी धड नव्हती.

तिनं फोन लावला. “सर, कितीदा सांगू? नमुना थंड डब्यात पाठवा. आणि पायाच्या शिरेतलं रक्त पुरत नाही. कानाच्या टोकाला सुई टोचा, पहिल्या थेंबाची स्लाइड तिथंच करा. बारीक शिरांत हे जंतू अडकून बसतात.”

“मॅडम, दोनदा निगेटिव्ह तुम्हीच दिलंय की. म्हणून मी लिव्हरचं औषध चालू केलं. आता खोट माझ्या नळीत?”

“मी नळीतलं लिहिते सर, कुत्र्यातलं नाही.”

फोन कट झाला. चष्मा पुसता पुसता तिला स्वतःचाच राग आला. माणूस उद्धट होता, पण खोटं बोलत नव्हता. कागदावर सही तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षातून एक म्हातारी उतरली. पोत्यावर घातलेलं काळं कुत्रं दोन्ही हातांनी उचलून ती थेट आत आली. “वळसंगचे डॉक्टर म्हनले, तीनदा रक्त धाडलंय, आता लॅबवालीलाच इचार जा. मी काशम्मा. हा आमचा करिया.”

“मावशी, इथं कुत्री तपासत नाहीत. इथं फक्त रक्त येतं.”

“मंग रक्त ह्याच्यातच हाय की. काढ!”

झीनतनं करियाचा ओठ वर केला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. “लघवी कसली होते?”

“काळ्या चहावानी. आठ दिस झाले. बारा शेरडं राखतोय एकटा, लांडग्याला बी भीत न्हाय. आता उटून उबा ऱ्हायना.”

आणि ही काळ्या लघवीची गोष्ट नळीसोबतच्या एकाही चिठ्ठीवर डॉक्टरांनी लिहिली नव्हती! झीनतनं दात आवळले. कानाच्या टोकाचे केस कापले, स्पिरिट लावून ते वाळू दिलं, सुई टोचली. पहिला थेंब काचेवर ओढला, रंग चढवला आणि खुर्ची पुढं घेतली.

दहाव्या मिनिटाला एक ठिपका दिसला. शेजारी दुसरा. मग एका पेशीत तीन बारीक कड्या. तिनं लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी मान हलवली.

“सापडलं का ग बाई?”

“सापडलं मावशी. आधीच सापडायला पाहिजे होतं.”

त्याच संध्याकाळी करियाचं औषध बदललं. तो वाचला, पण शेरडांमागं जायला त्याला दीड महिना लागला. तो दीड महिना झीनतला टोचत राहिला.

तिनं सगळ्या डॉक्टरांना निरोप धाडले: प्रत्येक नळीसोबत कानाच्या थेंबाची एक स्लाइड पाठवा. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी पाठवल्या त्या भाकरीवर ठेचा थापावा तशा जाड. एकानं तर विचारलं, “डावा कान की उजवा?” तीन महिन्यांत धड अशा जोड्या जमल्या एक्केचाळीस. शिरेच्या रक्तात आठ कुत्र्यांचे जंतू सापडले, कानाच्या रक्तात तेरा कुत्र्यांचे. आणि एका कुत्र्यात उलटंच: शिरेत होते, कानात नाहीत. त्या एका कुत्र्यानं तिला दोन दिवस जेवण गोड लागू दिलं नाही.

“एवढ्यावर काही सिद्ध होत नाही झीनत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“माहितीय मॅडम. म्हणून तर दोन्ही बघायचं म्हणते. आणि ‘निगेटिव्ह’ हा शब्द काढा.”

आठवडाभर वाद घातल्यावर छापील कागद बदलला. आता तिथं लिहिलेलं असतं: ‘या नमुन्यात जंतू दिसले नाहीत, लक्षणं असतील तर पुन्हा तपासा.’

पहिला फोन अभिमन्यूंचाच आला. “मॅडम, हे काय गोलमाल लिहिलंय? आहे की नाही ते सांगा ना सरळ!”

“कानाची स्लाइड पाठवली का सर?”

“पाठवतो,” ते पुटपुटले.

चार दिवसांनी आली. इतकी जाड, की आरपार उजेडसुद्धा दिसेना. झीनतनं कपाळावर हात मारला आणि पुन्हा फोन उचलला.