ठोकळ्यांच्या मालिकेपायी घेतलेला पहिला नंबर

ही वही कधी लेकीच्या हाती पडली, तर तिने आधी मला माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणारच, आणि अक्षर तर कोंबडीचे पाय उमटावेत तसं. पण झालं ते मला कोणाला तोंडाने सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

महाळुंग्याला आम्ही दोघी पत्र्याच्या खोलीत राहतो. मी एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी चिरते, पहिली शिफ्ट. संध्याकाळी लेक फोनवर जपानी कार्टून लावायची. शाळेतल्या मुली चौकोनी टेबलाभोवती बसून ठोकळ्यांचा खेळ खेळतात, माहजोंग म्हणतात त्याला. खाली हिंदीत अक्षरं येतात. मला ती भराभर वाचता येत नाहीत, लेक वाचून दाखवायची. त्यात एक मुलगी होती, चारचौघांत तोंड न उघडणारी. ठोकळा उचलायच्या आधीच तिचं बोट गार पडायचं आणि खाली काय आहे ते तिला कळायचं. ती जिंकली की मला वाटायचं, मीच काहीतरी बोलले.

मालिका संपली. वर्षभराने लेक ओरडतच आली, "आई, त्याच गोष्टीतून नवीन मालिका निघतेय!" आणि आमच्या फोनची तर काच फुटलेली, अक्षरं दिसत नव्हती.

आमच्या घरमालकीण मावशी भिंतीपलीकडच्या खोलीत राहतात, दहा जणींची भिशी चालवतात. दर महिन्याला प्रत्येकीने हजार रुपये द्यायचे, चिठ्ठी निघेल तिला सगळे मिळायचे. कोणी अडलेली असेल तर तिला चिठ्ठी न काढता पहिला नंबर देतात. तीन वर्षं मी तिथे गप्प बसून होते. नवी भिशी सुरू झाली त्या दिवशी मी म्हटलं, "पहिला नंबर मला द्या. लेकीच्या दहावीच्या अभ्यासाला टॅब घ्यायचाय."

सगळ्या लगेच हो म्हणाल्या. घरी येऊन मी कितीतरी वेळ नळाखाली हात धरून उभी होते. इतकं सरळ खोटं माझ्या तोंडातून निघालं कसं?

भिशीच्या पैशांतून टॅब आला. नव्या मालिकेच्या पहिल्या भागात ती मुलगी नव्हती. दुसऱ्यातही नाही. ही दुसऱ्याच शाळेची गोष्ट होती. आणि शक्ती तर सगळ्यांनाच! एकीच्या डोळ्यांतून जाळ, एकीच्या केसांतून वादळ. हात लावायच्या आधीच डाव संपलेला.

"मग खेळतात कशाला?" मी विचारलं.

चौथ्या भागाला लेकीने टॅब माझ्याकडे सरकवला. "बकवास आहे, आई. तूच बघ."

मी बघत राहिले, थांबवून थांबवून, एकेक अक्षर लावत. शेवटच्या भागात ती आली. चौघी खेळत होत्या. हिने मागून येऊन चहाचे कप ठेवले, वाकली आणि गेली. एकाही ठोकळ्याला हात लावला नाही. मला खरंच वाटेना. मागे नेऊन पुन्हा पाहिलं. तोच चहा. हातातली घेवड्याची शेंग तशीच राहिली. यासाठी मी नऊ जणींना फसवलं होतं?

पुढच्या हप्त्याला गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भिशीतून काढणार, असंच धरून चालले होते.

मावशी नोटा मोजायच्या थांबल्या. "आमाला ठाव हाय. पत्र्याची भिंत हाय, पोरी. रोज सांजच्याला ठोकळे वाजत्यात."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू कवा बोलतीस ते बघत व्हतो. आन् कार्टूनला पायजे म्हणाली असतीस, तर दिला असता व्हय आमी नंबर?"

"नाही."

"न्हाईच दिला असता!"

सगळ्या हसल्या. मावशी मात्र हसता हसता थांबल्या. "पर फुडच्या भिशीत तुला घ्यायचं का न्हाई, ते शेवटचा हप्ता येऊ दे, मंग बघू."

त्यानंतर एकही हप्ता मी एक दिवसही लांबू दिला नाही. जुनी मालिका आम्ही पुन्हा लावली. मधेच भिंतीपलीकडून मावशी ओरडतात, "आवाज वाढीव गं, त्या मुकीचा डाव हाय!"

परवा दहावा हप्ता दिला. मावशींनी नोटा दोनदा मोजल्या. "फिटलं समदं," म्हणाल्या, आणि नव्या भिशीत नाव लिहायला वही माझ्याकडे सरकवली.